दोरी कोणाच्या हातात

शहागंजच्या गर्दीतून आत वळले की हजरत निजामुद्दीन औरंगाबादी यांचा दर्गा लागतो. चिश्ती परंपरेतले हे सूफी १७२९ साली याच शहरात, औरंगाबादेत, वारले. जुन्या वस्तीत वाढलेल्या माणसाने त्यांची एक गोष्ट कधी ना कधी ऐकलेली असते. पुढे पहिला निजाम झालेला मीर कमरुद्दीन त्यांच्या भेटीला आला. त्याच्यापुढे पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे ठेवले गेले. त्याने सात खाल्ले, आणि सात पिढ्या राज्य करशील असा आशीर्वाद त्याला मिळाला. म्हणून आसफजाही झेंड्याचे कापड पिवळे आणि त्यावर मधोमध पांढरा गोल कुलचा.

ही गोष्ट अशीच घडली असा माझा दावा नाही. पण झेंडा म्हणजे काय याची एक अख्खी समजूत तिच्यात आहे. राज्य आशीर्वादाने मिळाले, ते पिढ्यांचे आहे आणि झेंडा ही त्या घराण्याची खूण. रयतेने त्याच्या सावलीत राहायचे. दुसरा झेंडा लावण्याचा प्रश्नच कुठे येतो? १७६३ पर्यंत आसफजाहीची राजधानी इथेच होती. पहिला निजाम इथून पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादला, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात चिरनिद्रा घेतो आहे. हा झेंडा आमच्यावर कुठून परदेशातून येऊन पडला नव्हता. तो आमच्या गल्लीतला. आणि दोनशे वर्षांनी त्याच्याऐवजी दुसरा लावण्यासाठी ज्यांनी तुरुंग पाहिला, गोळ्या झेलल्या, ती माणसेही याच मातीतली.

झेंड्यांवर लिहिताना बहुतेक लोक रंगांपासून सुरुवात करतात. केशरी म्हणजे त्याग, हिरवा म्हणजे समृद्धी वगैरे. शाळेच्या फळ्यावर ते ठीक आहे. पण एखादा झेंडा क्रांतीचा आहे की सत्तेचा, हक्काचा आहे की हुकमाचा, हे रंगावरून कळत नाही. तो लावायची मुभा कोणाला होती आणि लावल्याबद्दल काय भोगावे लागले, एवढे विचारले की पुष्कळ उलगडा होतो. या लेखात मी तेच विचारत जाणार आहे. आधी आमच्या मराठवाड्याबाहेर, मग इथे.

त्याआधी थोडे शब्दांकडे पाहू. मराठीत या एका वस्तूला किती नावे आहेत! वारकऱ्याच्या खांद्यावर असते ती पताका. फौजेपुढे चालते ते निशाण. गिरणी कामगाराचा तो बावटा. ‘लाल बावटा’ हे शब्द १९२८ च्या गिरणी संपापासून मुंबईच्या तोंडी रुळले. सरकारी परिपत्रकात असतो तो ध्वज. आणि सगळ्यांचा तो झेंडा. ‘ध्वजारोहण’ हे निमंत्रणपत्रिकेवर छापतात. घरातून निघताना मूल म्हणते, ‘झेंडावंदनाला चाललो.’ पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर निघालेल्या दिंडीत पताका कोणी धरायची याला कोणाचा परवाना लागत नाही. खांदा दुखला की ती शेजारच्याकडे जाते. लोकांच्या झेंड्याची कल्पना आपल्याकडे युरोपातून आली असे मानणाऱ्यांनी आषाढात त्या वाटेवर एकदा चालून यावे.

निशाण या शब्दाची मात्र हैदराबाद संस्थानात विचित्र गत झाली. राज्याची भाषा उर्दू, आणि दफ्तरी उर्दूत ‘निशान’ म्हणजे क्रमांक. १९२९ साली निघालेली ‘गश्ती निशान ५३’ म्हणजे परिपत्रक क्रमांक ५३. परवानगीवाचून सार्वजनिक सभा घ्यायची नाही, हा तिचा मथितार्थ. आमच्याकडचे म्हातारे लोक ‘तिरपन्न नंबर’ असा तिचा उल्लेख करीत. कोणाचाही झेंडा उभा राहू नये यासाठीचे ते निशाण होते. जिथे पाच माणसांनी एकत्र बसून बोलायला कागद लागतो, तिथे काठीला बांधलेले कापड म्हणजे आपोआप बंड ठरते.

आता बाहेरचा भाग. पुण्यात केसरीवाड्यात एक झेंडा जपून ठेवला आहे. मादाम भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे, आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत फडकवलेला. हिरवा, केशरी, तांबडा. वर आठ कमळे, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’, खाली चंद्र आणि सूर्य. तो हिंदुस्थानात आणायलाही लपवाछपवी करावी लागली. इंदुलाल याज्ञिक तो गुपचूप घेऊन आले. स्वतःच्या देशाचा झेंडा सामानात दडवून सीमेपार न्यावा लागतो, यात पारतंत्र्याचे सगळे वर्णन येऊन जाते.

१९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि पाठ्यपुस्तकात त्याला मिळते त्याहून कितीतरी जास्त जागा त्याला मिळायला हवी. मुद्दा दिसायला अगदी लहान होता. चरख्याचा झेंडा घेऊन मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून, म्हणजे साहेबांच्या वस्तीतून, जाऊ द्यायची की नाही? कोणी कचेरी पेटवणार नव्हते, कोणी खजिना लुटणार नव्हते. रस्त्याने चालायचे, हातात झेंडा धरून. सरकारने बंदी घातली. १ मेपासून रोज स्वयंसेवकांची तुकडी निघायची, हद्दीवर अडवली जायची, तुरुंगात जायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. जमनालाल बजाज पकडले गेले, विनोबा पकडले गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. देशभरातून माणसे रेल्वेने नागपूरला येऊ लागली आणि दीड हजारांच्या वर कैदी झाले. १८ ऑगस्टला सरकारने वाट मोकळी केली आणि मिरवणूक त्या रस्त्याने गेली. रस्ता सर्वांचा आहे, आणि त्यावरून आपली खूण घेऊन शांतपणे जाणे हा माणसाचा हक्क आहे, ही गोष्ट आज संविधानाच्या १९ व्या कलमात आहे. ती तिथे छापली जाण्याच्या सत्तावीस वर्षे आधी नागपूरच्या उन्हात चालून दाखवली गेली होती. मध्य प्रांतात या सगळ्याची ठिणगी त्याच वर्षी जबलपूरला पडली होती. तिथे पुढाकार घेऊन तुरुंगात गेलेल्यांत पंडित सुंदरलाल होते. हे नाव लक्षात ठेवा; पंचवीस वर्षांनी ते मराठवाड्यात येणार आहे.

सोलापूरच्या नगरपालिकेने ६ एप्रिल १९३० रोजी आपल्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावला. पुढच्या महिन्यात शहरावर मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. १९४२ मध्ये तर झेंडा म्हणजे सरळ गोळीला आमंत्रण होते. ९ सप्टेंबरला वडूजच्या तहसील कचेरीवर तो लावायला निघालेल्या मोर्चात परशुराम घार्गे पडले. त्याच दिवशी नंदुरबारला हातात झेंडा धरलेला शिरीषकुमार मेहता पडला. वय वर्षे पंधरा. आणखी चार मुले त्याच्याबरोबर गेली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नाविकांनी बंड केले तेव्हा जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र दिसले. काही दिवसच टिकलेले ते दृश्य मला फार मोलाचे वाटते.

मराठवाड्याचे घड्याळ यापेक्षा मागे होते. त्याला कारण होते. ब्रिटिश मुलखात लढणाऱ्याला निदान वृत्तपत्र होते, कोर्ट होते, निवडून आलेली नगरपालिका होती. इथे ८२ हजार चौरस मैलांचे राज्य, १९४१ च्या मोजणीप्रमाणे १ कोटी ६३ लाख माणसे, आणि सत्ता एका घराण्याची. त्यातले पाच जिल्हे मराठी: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आत, ७ सप्टेंबर १९३८ रोजी, तिच्यावर बंदी आली. जन्मण्याआधीच बेकायदा ठरलेली संघटना मी दुसरी ऐकलेली नाही.

त्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायचा आग्रह धरला. मनाई झाली. मुलांनी ऐकले नाही, संप झाला. ते लोण उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने दार उघडले. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. झेंडा लावता येत नव्हता तेव्हा आमच्या शहराने गाण्याला झेंडा केले, असे मला नेहमी वाटते. गाण्याला काठी लागत नाही.

जून १९४७ मध्ये निजामाने आपण स्वतंत्र राहणार असे जाहीर केले. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शाळामास्तर. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतून त्यांनी शिकवले होते आणि त्यांचे अनेक कार्यकर्ते हे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी ७ ऑगस्ट हा ‘भारतात सामील व्हा’ दिन म्हणून पाळायला सांगितले. १५ ऑगस्टला दिल्लीत रोषणाई होती. हैदराबाद संस्थानात तिरंगा उभारणे हा त्या दिवशी गुन्हा होता, आणि स्वामीजी पहाटेच अटकेत होते. तरी गावोगाव तो लागला. कुणाच्या माडीवर, कुठे शाळेवर, कुठे उंच झाडाच्या शेंड्याला. पोलिसाने काढला की रात्रीतून पुन्हा. त्यानंतरचे तेरा महिने मराठवाड्याच्या आठवणीत सर्वांत दाट आहेत. प्रभातफेऱ्या, शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाड, करोडगिरीचे नाके पेटवणे, साराबंदी, सरहद्दीबाहेरचे कॅम्प; मनमाडच्या बाजूने गोविंदभाई श्रॉफ यांची आखणी. दुसऱ्या बाजूला निजामासाठी लढणारे रझाकार, आणि त्यांचा पुढारी, लातूरचा वकील कासिम रझवी, लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची भाषा करीत होता. २२ ऑगस्ट १९४८ रोजी ‘इमरोज’ या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्लाखान याला मारण्यात आले. भारतात विलीन व्हावे असे तो लिहीत होता. त्याचे नाव आमच्या १७ सप्टेंबरच्या भाषणांत फार कमी येते. ते दरवर्षी घेतले जायला हवे. मुक्तिसंग्राम कोणत्या धर्माचा कोणत्या धर्माशी होता असे ज्यांना वाटते, त्यांना एवढे एक नाव पुरे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा चारी बाजूंनी शिरल्या. १७ तारखेला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. म्हणून मराठवाड्यात २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टखेरीज चौथे झेंडावंदन असते. सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी त्या सकाळी मुख्यमंत्री येतात. उर्वरित महाराष्ट्रातल्या माझ्या मित्रांना हा दिवस अजून सुटीच्या यादीतल्या तळटीपेसारखा वाटतो, याचे मला वाईट वाटते.

पण त्या दिवसाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे, आणि तो इथल्याच माणसाने सांगितला पाहिजे. फौजांच्या या ‘पोलिस कारवाई’नंतरच्या आठवड्यांत संस्थानात मुसलमान वस्त्यांवर भयंकर सूड उगवला गेला. नेहरूंनी चौकशीला सद्भावना मंडळ पाठवले. त्याचे प्रमुख होते तेच पंडित सुंदरलाल, १९२३ ला जबलपूरला झेंड्यासाठी तुरुंगात गेलेले. मंडळ गावोगाव हिंडले. त्यांच्या अहवालाचा अंदाज निदान २७ ते ४० हजार मृत्यूंचा आहे, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आमची नावे आहेत, गुलबर्गा आणि बीदरबरोबर. अहवाल कित्येक दशके छापला गेला नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते. त्यांची नावे, गावे आमच्या घराघरांत पाठ आहेत. पण ज्या शेतमजुराचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, त्याच्या दारात हा झेंडा स्वातंत्र्य घेऊन आला नाही. ज्या माणसाने झेंडा मिरवण्याच्या हक्कासाठी स्वतः शिक्षा भोगली, त्यानेच हे लिहून ठेवावे, याला मी मोठेपणा म्हणतो. आपण जिंकल्यावर हरलेल्यांचे हक्क शाबूत आहेत का हे पाहायला तो गेला. झेंड्याची निष्ठा म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी सुंदरलालांचे नाव सांगेन.

मग आले संविधान. त्याची एक गंमत थोड्यांच्या ध्यानात येते. राष्ट्रध्वज कसा असावा याचे वर्णन भारताच्या संविधानात नाही. तो ठरला संविधान सभेच्या ठरावाने, २२ जुलै १९४७ रोजी. नेहरूंनी ठराव मांडला. त्याआधी राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चाक आले, आऱ्या चोवीस.

ते चाक आम्हा लोकांना नवे नव्हते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धाच्या बैठकीकडे वाकून पाहा. उजेड कमी असतो, रखवालदार घाई करतो, पण डोळे सरावले की दगडातले चाक दिसते, आणि त्याच्या दोन्ही अंगांना हरणे. सारनाथच्या मृगवनातल्या पहिल्या उपदेशाची ती खूण. जवळ भिक्षू बसलेले. कोणी राजा नाही, कोणाच्या हातात शस्त्र नाही. निजामाच्या सरकारने ही लेणी जपली, इटलीहून जाणकार आणून चित्रे वाचवली, हे त्या सरकारचे श्रेय आहे. पिवळ्या झेंड्याच्या मुलखात ते चाक दीड हजार वर्षे अंधारात बसून होते.

१ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद औरंगाबादला आले आणि मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला त्यांनी बसवली. बोलावणारे होते बाबासाहेब. कॉलेज वर्षभर आधी, जून १९५० मध्ये, सुरू झाले होते. म्हणजे ध्वज समितीचा अध्यक्ष आणि त्याच समितीचा एक सदस्य चार वर्षांनी नागसेनवनाच्या माळावर एकत्र उभे होते, कोनशिलेपाशी. झेंडा ठरवून झाला होता. आता त्याच्याखाली बसून शिकणारी मुले हवी होती, आणि ती कोणत्या घरांतली हवीत हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते. त्याच्या बारा वर्षे आधी, ३० डिसेंबर १९३८ ला, कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी दलितांची परिषद भरवली होती आणि बाबासाहेब तिला आले होते. ‘जय भीम’ म्हणून एकमेकांना अभिवादन करायचे, असे तिथे ठरले. निजामी राज्यातल्या अस्पृश्याला ना पिवळा झेंडा आपला वाटत होता, ना गावच्या पाटलाच्या माडीवरचा तिरंगा पुरता आपला. त्याने आधी शब्द कमावला.

निळा झेंडा १९४२ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा, पुढे १९५७ पासून रिपब्लिकन पक्षाचा. हक्काच्या झेंड्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही. कारण त्याची मागणी तिरंग्याविरुद्ध कधीच नव्हती. तिरंग्याखाली लिहून दिलेले आम्हाला मिळू द्या, ही होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. मुक्तिसंग्रामाचा वारसा सांगणाऱ्या गावांतही पेटल्या. पोचीराम कांबळे मारले गेले. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च नागपूरहून या शहराकडे निघाला. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. साडेपंधरा वर्षे. आज त्या तारखेला विद्यापीठाच्या गेटसमोर जा. जालन्याहून, हिंगोलीहून, वाशिमहून लोक आलेले असतात, पोरे खांद्यावर, काठीला निळे कापड. फोटो काढतात, पुस्तके विकत घेतात, गेटला हात लावून कपाळाला लावतात. एका शैक्षणिक संस्थेच्या दाराला असे डोळे भरून पाहणारी माणसे जगात आणखी कुठे असतील?

तिकडे तिरंग्याच्या दोरीचे काय झाले? इथे मला एक गोष्ट फार टोचते. १९४७ ला झेंडा लावल्याबद्दल हर्सूलच्या तुरुंगात गेलेला माणूस स्वतंत्र भारतात घरी परतला. पण आपल्या घरावर वाटेल त्या दिवशी तो लावायची मुभा त्याला नव्हती. सामान्य नागरिकाला ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडता मनाई होती. २००२ च्या २६ जानेवारीला नवी ध्वजसंहिता आली तेव्हा ती उठली. २३ जानेवारी २००४ रोजी, नवीन जिंदल यांच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मानाने तिरंगा फडकवणे हा १९ (१) (अ) खालचा, अभिव्यक्तीचा हक्क आहे. अवमान रोखणारे कायदे पाळून. १९४७ ते २००२ हा काळ पंचावन्न वर्षांचा. लढलेल्या पिढीतले बहुतेक तोवर गेले होते. गोविंदभाई श्रॉफ २००२ मध्येच गेले. नागपूरच्या सत्याग्रहींनी रस्त्यावर जे मागितले, ते नागरिकाच्या गच्चीपर्यंत यायला एवढा वेळ लागला, आणि तोही कोर्टाची पायरी चढून.

हक्काला दुसरी बाजूही असते. केरळमधल्या तीन भावंडांना १९८५ मध्ये शाळेतून काढले होते. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. अमेरिकेत १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, तिथल्या न्यायालयानेही मुलांना झेंड्याला सलाम करण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरवले होते. निजामाच्या राज्यात झेंड्यापुढे उभे राहणे हे प्रजेचे कर्तव्य होते. संविधानाच्या राज्यात न गाणाऱ्या मुलाची बाजूही झेंडाच सांभाळतो. माझ्या लेखी या दोन झेंड्यांतले खरे अंतर इथे आहे. जगातही हेच दिसते. हैतीच्या गुलामांनी १८०३ मध्ये फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा फाडून उरलेले दोन शिवले, कारण ‘माणसाचे हक्क’ लिहिणाऱ्या त्या झेंड्याखालीच त्यांना साखळ्या होत्या. जर्मनीचा काळा-लाल-सोनेरी झेंडा १८४८ च्या क्रांतीचा. हिटलरने तो १९३३ मध्ये उतरवला आणि १९४९ च्या राज्यघटनेने कलम घालून परत आणला.

आता कापडाबद्दल, कारण झेंडा शेवटी कापड असतो. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते. उदगीरला त्याचे कापड विणले जाते. ज्या पट्ट्यात हा झेंडा बाळगणे गुन्हा होते, तिथून तो आज देशभर जातो. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, ठरलेली मापे नऊ, चक्र दोन्ही बाजूंनी तंतोतंत एकावर एक यायला हवे. खादीचा झेंडा हातात घेतला की जाणवतो तो त्याचा जडपणा, आणि सुताची किंचित खरखर. ३० डिसेंबर २०२१ ला संहितेत दुरुस्ती झाली आणि पॉलिस्टरला, यंत्रावरच्या कापडाला परवानगी मिळाली. त्यामुळे झेंडा स्वस्त झाला, घरोघर गेला, हे खरे आणि चांगलेच. पण सूत कातणाऱ्या बाईचा रोज त्याच्यातून निघून गेला, आणि १६ ऑगस्टला क्रांती चौकाच्या दुभाजकापाशी पडलेले ते चकचकीत तुकडे मी दरवर्षी उचलतो. खादीचा झेंडा असा पडलेला मी पाहिलेला नाही. कष्टाने मिळालेली वस्तू माणूस सांभाळतो.

क्रांती चौकाचे नाव निघालेच आहे. त्याच्याजवळ काळा चबुतरा आहे. जून १८५७ मध्ये इथल्या घोडदळाने बंड केले आणि पकडलेल्या शिपायांना देहदंड झाला. दफेदार मीर फिदा अली फासावर गेला. त्याच चौकातून ९ ऑगस्ट २०१६ रोजी पहिला मराठा मूक मोर्चा निघाला, भगव्यांचा समुद्र, आणि आवाज नाही. त्याच चौकात एप्रिलमध्ये निळा असतो. त्या बाजूला झेंडे विकणारे फूटपाथवर बसतात. शिवजयंतीआधी भगवे, ईद-ए-मिलादआधी हिरवे, बुद्धपौर्णिमेआधी पंचशील, जानेवारी-ऑगस्टला तिरंगे. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व कायद्यावरून देशभर निघालेल्या मोर्चांत मुसलमान तरुणांच्या एका हातात तिरंगा आणि दुसऱ्या हातात संविधानाची उद्देशिका होती. सुंदरलालांच्या अहवालातल्या माणसांची ही नातवंडे-पतवंडे. ज्याच्यासमोर त्यांचे आजे भीतीने घरात दडले, तोच झेंडा घेऊन ती हक्क मागायला रस्त्यावर आली. एवढा मोठा प्रवास या कापडाने केला आहे, आणि त्याची नोंद आपण अजून नीट घेतलेली नाही.

माझ्या घरासमोर एक शाळा आहे. १६ सप्टेंबरच्या संध्याकाळी तिथले शिपाईमामा झेंडा बांधतात. मी गॅलरीतून पाहत असतो. आधी ते कट्टा धुतात, हात पुसतात, चटईवर झेंडा पसरून घडी घालतात, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवतात. मग सरकगाठ. ती फार सैल झाली तर रात्रीच्या वाऱ्याने सुटते, फार घट्ट झाली तर सकाळी पाहुण्यांच्या हातात दोरी अडकते आणि सगळे वर बघत उभे राहतात. एका वर्षी तशी अडकली होती. पाहुण्यांनी चारदा हिसका दिला. मामा धावत आले, दोरी किंचित ढिली सोडून हलकेच खेचली आणि पाकळ्या खाली पडल्या. नंतर त्यांना सगळ्यांसमोर बोलणी बसली.

एकवीस वर्षे ते गाठ बांधत आहेत. दोरी ओढणाऱ्यांची यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर दरवर्षी लिहिली जाते. नगरसेवक, अधिकारी, देणगीदार. येत्या मार्चमध्ये मामा निवृत्त होतात. या १७ सप्टेंबरला दोरी त्यांच्या हातात द्यावी, असे पत्र मी शाळेला दिले आहे. सोबत गल्लीतल्या अठरा घरांच्या सह्या आहेत. उत्तर आलेले नाही. अजून तीन आठवडे आहेत.